अप्पांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा

आज दुपारी माझ्या वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या गाडीतला पेट्रोलचा काटा पहिल्यांदा हलला. आनंदानं सांगायचं होतं तुम्हाला, पण जमत नाहीये.

ही गाडी अप्पांनी ऐंशीच्या दशकात बीदरला, घरामागच्या पत्र्याखाली जुळवायला घेतली. टाकीसुद्धा स्वतः घडवली. राहिला होता टाकीतला सेंडर, म्हणजे पेट्रोल किती आहे ते काट्याला कळवणारा तरंगता गोळा. तो निवडणं माझ्याकडे होतं. चुकीचा घेतला तर रिकामी टाकीही भरलेली दिसते. म्हणून चार महिने मी टाकीची खोली, गोळ्याच्या दांड्याची लांबी पुन्हापुन्हा मोजली, दोन सेंडर परत केले.

"कामून इतकं तपासायलीस, पोरी? बसव की," अप्पा म्हणायचे.

"थांबा अप्पा, चुकायला नको."

त्याच चार महिन्यांत साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली.

आज त्यांना गाडीत बसवून चावी फिरवली.

"हाललाय का गं?"

"व्हय अप्पा. अर्ध्यावर हाय."

"कुठं? माझं बोट ठेव तिथं."

मी ठेवलं. काचेवर बोट तसंच धरून ते कितीतरी वेळ बसले.

सेंडर अगदी बरोबर निवडलाय मी. माझ्या जागी तुम्ही असता तर तपासायचं कधी थांबवलं असतं?