डब्यातली साखर

आमच्या स्कॉटिश किनाऱ्यावरच्या गावातून समोरच्या बेटावर जायला पाण्यावर उतरणारं छोटं विमान नुकतंच सुरू झालं होतं. बोटीने अख्खा दिवस मोडायचा, म्हणून दर मंगळवारी आमचे हे बेटावरच्या पेशंटना तपासायला विमानाने जाऊ लागले. सोबत माझा डबा.

एका मंगळवारी परत आलेला डबा उघडला, तर स्वच्छ धुतलेला आणि तळाशी चमचाभर साखर. पुढच्या मंगळवारीही तेच. डबा रिकामा परत करू नये, हे इथल्या गोऱ्यांना कुठून ठाऊक असणार? म्हणजे बेटावर कोणीतरी आपली बाई होती, आणि माझ्या हातच्या पुरणपोळ्या खात होती.

"अहो, डब्यात साखर कुठली?"

"चहाची सांडली असेल," हे फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले.

धुतलेल्या डब्यात? मला काय दूधखुळी समजतात?

पुढच्या मंगळवारी मीही तिकीट काढलं. धक्क्यावर सामानासकट प्रत्येकाचं वजन करतात. माझा आकडा ह्यांच्यादेखत मोठ्याने वाचला गेला, तरी मी मागे हटले नाही. विमान पाणी उडवत उतरलं आणि मी ह्यांच्या पाठोपाठ थेट एका दगडी घरात शिरले.

खुर्चीत नव्वदीच्या आजी. मुंबईच्या ज्यू, इथल्या खलाशाशी लग्न करून आलेल्या. आता इंग्लिश विसरत चाललेल्या, मराठी तेवढी शाबूत. मला स्वतःचीच लाज वाटली.

"आलीस होय?" त्या म्हणाल्या. "तुला विमानाची भीती वाटते ना गो? डॉक्टर सांगत होता."

मला? भीती? मी ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे खिडकीबाहेर बघत होते. संशय पुन्हा जागा झाला.

परतताना धक्क्यावर मी ह्यांना गाठलं. "पेशंटचं घरी बोलत नाही, ठीक. पण माझ्या नावावर खोटं कशाला?"

"त्या मला बाळ म्हणतात," हे हळूच म्हणाले. "जेवलास का विचारतात. तू आली असतीस, तर आठवड्याभरात त्या तुझ्या झाल्या असत्या. शेजारी, मंडळातली माणसं, माझी बहीणसुद्धा, सगळे तुझेच होतात."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण आजींना दिवाळीला घरी आणायचं मी तोवर ठरवूनही टाकलं होतं.