काळ्या पॉलिशचा पांढरा बगळा

समोर नमुना असला की पेंटर जगातली कोणतीही वस्तू पाटीवर उतरवी. दातांच्या दवाखान्यावरचे बत्तीस दात त्याचे, चष्म्याच्या दुकानावरून येणाऱ्याजाणाऱ्यावर वटारलेले डोळे त्याचे, शिंप्याच्या पाटीवरची कात्रीही त्याचीच. नमुन्यावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं. नजरेतून मुंगी सुटायची नाही. पण नमुना काढून घेतला की हाच पेंटर गृहपाठ न केलेल्या पोरासारखा भिंतीपुढे उभा राही.

लग्न ठरलं तेव्हा त्याने बायकोच्या फोटोवरून तिचं मोठं चित्र काढलं होतं. फोटो पाकिटात मावेना म्हणून कुणीतरी त्याला मधोमध घडी घातली होती. पेंटरने ती घडीही काढली, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावलीसकट. ते चित्र अजून पुढच्या खोलीत लटकत होतं, आणि बायको प्रत्येक पाहुण्याला सांगे, "लग्नाआधीच ह्यांनी माझे दोन तुकडे केले."

लग्नाला वर्ष झालं असेल, तेव्हा त्याच्याकडे पॉलिशवाला आला. हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. मागच्या खोलीत मेण वितळवून बुटांचं काळं पॉलिश करायला त्याने नुकतीच सुरुवात केली होती. हात कोपरापर्यंत काळे, आणि चेहऱ्यावर मात्र नवरदेवाचा आनंद. त्याला डबीवर उधळलेला घोडा हवा होता, तोही दुसऱ्या दिवशी सकाळी. पेंटरकडे घोड्याचा नमुना नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याने चौदा कागद वाया घालवले. तीन पाय बरे उतरत. चौथा कुठून निघाला हे खुद्द घोड्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोस्तापुढे एका पायावर उभा असलेला पांढराशुभ्र बगळा ठेवला. मानेला मध्येच एक विचित्र बाक होता. पॉलिशवाला बघतच राहिला. कुठून सुचलं रे तुला, असं त्याने विचारलं, आणि पेंटरच्या तोंडून निघून गेलं, तळ्यावर दिसला.

एकदा सुटलेला शब्द पॉलिशवाल्याच्या हाती लागला म्हणजे त्याचं काही खरं नसे. पहिल्या वर्षी ते तळं जवळजवळ डबकंच होतं. पुढे त्यात कमळं आली. पॉलिशवाल्याच्या मुलीच्या लग्नापर्यंत त्यावर सूर्य उगवायला लागला होता. तो ही गोष्ट रंगवून सांगे तेव्हा पेंटर खाली मान घाली, आणि लोक म्हणत, बघा, एवढा कलावंत पण किती विनयशील.

बगळा चालला. दुकानात येऊन पॉलिश कुणी मागेचना; लोक म्हणत, "एक बगळा द्या." मागच्या खोलीचा कारखाना झाला, अकरा बायका तिथे डब्या भरू लागल्या. अशी एकतीस वर्षं गेली.

मग बाहेरून एक मोठी कंपनी आली. तिचंही बुटांचं पॉलिश. बसवर, चौकात, सिनेमाच्या मध्यंतरात तिच्या जाहिराती झळकल्या आणि सगळ्या जाहिरातींत एका पायावर एक पांढरा बगळा. पाठोपाठ पॉलिशवाल्याला नोटीस आली. ही छाप आमची आहे. डब्या, पाट्या, भिंती, जिथे जिथे बगळा असेल तिथून तो पुसा.

पॉलिशवाला हसला. नोटीस घेऊन तो वकीलबाईंकडे गेला आणि पेंटरलाही घेऊन गेला, वरातीला न्यावं तसा. वकीलबाईंनी शांतपणे समजावलं, की छाप आधी कोणी वापरली आणि प्रामाणिकपणे वापरली का, एवढंच कोर्ट विचारणार. इथे आपली एकतीस वर्षं आहेत, कंपनीचे तीन महिने. अडचण एकच. परदेशात कंपनीचा बगळा पन्नास वर्षांचा आहे. आपला त्यावरून उचललेला निघाला तर एकतीस वर्षं पाण्यात. मग लढायचंच नाही, मुकाट्याने बगळा सोडायचा. कारण लढून हरलो तर नकली माल करणारे ठरू, माल जप्त होईल, कारखान्याला कुलूप लागेल.

"पण काका, चित्र तुमच्या डोक्यातून आलंय ना, मग काळजी नाही," त्या पेंटरला म्हणाल्या. त्यांना छाप फार आवडली होती. वाघ, सिंह, घोडा कुणालाही सुचतात. काळ्या पॉलिशवर पांढरा बगळा कुणालाच सुचणार नाही, म्हणून तर ती भक्कम. शिवाय ही मान बघा. कंपनीच्या बगळ्याला असा बाक नाही. ही खास तुमची कल्पना. शुक्रवारी प्रतिज्ञापत्रावर सही करायची.

जे कुणालाच सुचणार नव्हतं ते दोघांना कसं सुचलं, हे वकीलबाईंनी अजून विचारलं नव्हतं. पण विचारणारं कुणीतरी येणार होतं.

पॉलिशवाल्याला शुक्रवारपर्यंत धीर कुठला. त्याने बाजारातली मोठी भिंत घेतली आणि पेंटरला बगळा काढून खाली लिहायला लावलं : 'तळ्यावरचा अस्सल बगळा. नकलेपासून सावध राहा.' 'नकलेपासून'चा 'न' पेंटरने दोनदा पुसून पुन्हा काढला. त्याने मागे पाहिलं. रस्त्यापलीकडे करड्या शर्टाचा एक माणूस उभा होता. हलत नव्हता, बोलत नव्हता, एक पाय भिंतीला टेकवलेला. मासा वर येईपर्यंत बगळा जसा ध्यान लावतो, तसा.

दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता; कंपनीने पाठवलेला, एवढं पेंटरला कळलं. तिसऱ्या दिवशी तो रस्ता ओलांडून आला, खिशातून टेप काढून त्याने बगळ्याची मान मोजली, वहीत काहीतरी लिहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "खऱ्या बगळ्याची मान इथे वाकत नाही. तुम्ही का वाकवली?"

पेंटर म्हणाला, सुचलं.

गुरुवारी दुपारी पेंटर घरी आला तेव्हा तो माणूस पुढच्या खोलीत बसून पाणी पीत होता. पाटी करून घ्यायची आहे असं सांगून आला होता म्हणे. त्याची नजर भिंतीवरच्या चित्रावर होती.

"ही रेघ कसली?" त्याने विचारलं.

बायकोला तर माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. तिने फोटोची सगळी कथा सांगितली, दोन तुकड्यांसकट. "अहो, समोर दिसेल ते काढणार म्हणजे काढणार. वस्तूचा दोषसुद्धा सोडत नाहीत हे."

"दोषसुद्धा," तो माणूस म्हणाला. त्याने पेला हलकेच खाली ठेवला, आभार मानले आणि निघून गेला. पाटीचं नावही काढलं नाही.

पेंटर उठून सामानाच्या पेटीपाशी गेला. ब्रशांखाली एक जुनी पत्र्याची डबी होती. रेघ आखायचं सूत तो तिच्यात ठेवी. एकतीस वर्षांपूर्वी एका लॉजची पाटी रंगवताना तिथल्या खोलीत कुणा परदेशी प्रवाशाची राहिलेली ही रिकामी डबी त्याला मिळाली होती. झाकणावरचा रंग घासून निम्मा गेला होता, तरी पांढरा बगळा दिसत होता. त्याच्या मानेवर बरोबर मध्यभागी पोचा होता, आणि मान तिथेच वाकलेली दिसत होती. पेंटरने त्यात अंगठा ठेवला. तो नेमका बसला.

दारातून बायको बघत होती. तिचं हसू गेलं होतं.

"ह्याचाही फोटोच झाला तर," ती म्हणाली. "मी काय बोलून बसले हो?"

डबी नाल्यात टाकायला चार पावलंही लागली नसती. पेंटर नाल्यापर्यंत गेलाही. पण अशा डब्या जगात हजारोंनी असतील, आणि त्या माणसाला आता फक्त एक शोधून अंगठ्याने दाबायची होती. पेंटरला त्या अकरा बायका दिसल्या, बंद दारापुढे जेवणाचे डबे घेऊन उभ्या.

शुक्रवारी वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. 'सदर चित्र मी स्वतःच्या कल्पनेतून काढले आहे.' पेंटरने पेन उचललं नाही. खिशातून डबी काढली आणि कागदावर ठेवली.

वकीलबाईंनी चष्मा काढला. पॉलिशवाल्याने काळ्या बोटांनी डबी उचलली, उजेडाकडे धरली, पोच्यावरून अंगठा फिरवला.

"तळं?" त्याने विचारलं.

"नव्हतं."

"निदान डबकं?"

"डबकंही नव्हतं रे."

पॉलिशवाल्याने डबी परत ठेवली. इतकी वर्षं जिथे सूर्य उगवत होता, तिथे आता काहीच राहिलं नव्हतं. वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र फाडलं. साठा संपवायला सहा महिने मागून घेऊ म्हणाल्या. कारखाना वाचेल, बगळा नाही. आणि लोक बगळाच मागत राहतील, त्याला आपला इलाज नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

पॉलिशवाला पुढे होऊन जिना उतरला. रस्त्यावर आल्यावर वळला. "आता घोडा काढ. डोक्यातून. समोर नमुना दिसला तर हात तोडीन."

साठा संपला, आणि बाजारातल्या भिंतीला पांढरा हात मारला गेला. पेंटर चौकटी न आखता उभा राहिला, आणि तीन दिवसांत घोडा झाला. तीन पाय बरे होते. चौथा पोटातून निघून जणू दुसऱ्याच घोड्याकडे चालला होता. शेजारच्या दुकानात एक गिऱ्हाईक आलं. "एक बगळा द्या." दुकानदाराचा हात सवयीने जुन्या फळीकडे गेला, थांबला, आणि वरच्या फळीवरची कंपनीची चकचकीत डबी घेऊन खाली आला. गिऱ्हाईक न बघता घेऊन गेलं.

"हा घोडा कुठे पाहिलात?"

पेंटरला वळून पाहायची गरज नव्हती. "कुठेच नाही," तो म्हणाला, आणि ते आयुष्यात पहिल्यांदा खरं होतं.

"कुठेच नाही," करड्या शर्टाच्या माणसाने वहीत लिहून घेतलं. मग खिशातून टेप काढून तो खाली वाकला आणि चौथा पाय मोजू लागला.