तोंडवलीतले बिनफोडणीचे घर

गगनबावड्याचा घाट उतरून एस.टी. तळेऱ्याला थांबली, तेव्हा माझ्या मांडीवरच्या थर्मासातला बर्फ निम्मा वितळला होता. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत मला नुकतीच नोकरी लागली होती, तिथल्या साहेबांना एक शंका होती. मुलांना येणाऱ्या फेफऱ्यामागे आणि मेंदूला होणाऱ्या इजेमागे विषाणूंचा (साध्या सूक्ष्मदर्शकातून न दिसणाऱ्या जंतूंचा) हात असेल का? तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या या दक्षिण टोकाला अशी मुले शोधायची, त्यांचे रक्त घ्यायचे आणि छापील फॉर्म भरायचा, हे माझे काम. कऱ्हाडच्या आमच्या शिंप्याच्या घरात बी.एस्सी. झालेला मी पहिलाच. माझा धाकटा भाऊ दत्तू फेफऱ्यातच गेला होता. म्हणून हे काम माझ्याकडे आले याचे मला फार मोल वाटत होते.

मालवणला बापू भेटले. तालुक्यात घरोघर फिरून देवीची लस टोचणारे हे गृहस्थ माझे वाटाडे. त्यांनी पहिल्याच दिवशी बर्फाची सोय केली. "मासेवाल्यांच्या लॉरीतलो बर्फ आणलंय. तुमच्या रगताक बांगड्याचो वास येतलो, इतक्याच," असे म्हणून ते थर्मास भरू लागले.

आठवडाभर आम्ही किनाऱ्याने हिंडलो. कुणकेश्वरला समुद्र देवळाच्या पायरीशी येऊन बसलेला पाहिला, घरोघर सोलकढी प्यालो. लोक प्रेमळ, पण माझे फॉर्म मात्र मुके. "फेफरे सुरू होण्यापूर्वी मुलाला कोणता आजार झाला होता?" या प्रश्नापुढे मी जवळजवळ प्रत्येक घरात "नाही" असेच लिहीत होतो. साहेबांची शंका खोटी ठरणार, असे वाटून मी खट्टू झालो होतो.

तोंडवलीला पोचलो तेव्हा किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढून झाली होती. साऱ्या वाडीत बांगडे तळल्याचा खमंग वास होता. आमचे काम पार्वतीबाईंच्या घरी होते. त्यांची नऊ वर्षांची शालू फेफऱ्यामुळे शाळेतून काढलेली. नवरा मुंबईत गिरणीत. घरी म्हातारी सासू. शालूने रक्त देताना हूं की चूं केले नाही. आईनेही आजाराच्या प्रश्नाला मान हलवून नकार दिला.

मग जेवायला बसवले. पानात भात आणि पाण्यात नुसता शिजवलेला बांगडा. ना तेल, ना फोडणी. शेजारच्या घरांतून वास येत असताना हे पाहून मी सहज विचारले, या घरी बांगडा तळत नाहीत का?

पार्वतीबाईंच्या हातातली पळी थांबली. सासू ओटीवरून म्हणाली, "सांग गो. तुझ्याच तोंडान सांग."

"तीन वर्सां झाली, ह्या चुलीर तेल तापला नाय," त्या खाली बघत म्हणाल्या. "माउली घरात आसताना मिया बांगडे तळलंय, डाक्तरांनू. घोव रजेर इलेलो."

नवरा रजेवर आला त्याच वेळी शालूला गोवर आला होता. गोवर म्हणजे माउली पाहुणी येते. दाराला लिंबाचा पाला लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही. माउली बांगड्यांच्या वासाने रागावून गेली आणि आठवड्याने पोरीला पहिले फेफरे आले, असे सारे घर मानत होते. सासूने तसे कळवल्यापासून नवरा मुंबईहून आलेला नव्हता.

घास माझ्या हातातच राहिला. गोवर. म्हणजे विषाणू. आणि मी फॉर्मवर "नाही" लिहिले होते. मी बापूंकडे वळून विचारले, मुलांना गोवर येऊन गेला हे तुम्ही आठवडाभर का बोलला नाहीत?

बापू खरोखरच गोंधळले. "तुमी आजार इचारलात. माउली येता तो आजार कसो?"

आमच्या घरीही ती पाहुणीच असे, तिला कुणी आजार म्हणत नसे. चार इयत्ता शिकलो आणि तेवढेच विसरलो होतो.

हात धुऊन मी सासूसमोर बसलो. सांगितले की गोवरानंतर कधीकधी मेंदूला सूज येते. शालूचे तसेच झाले का, ते मी आज सांगू शकत नाही. पण फोडणीने फेफरे येत नाही, हे नक्की.

म्हातारीने ऐकून घेतले. "म्हणजे माउलीनच केल्यान. आमी तरी येगळा काय सांगीत होतो?"

"पण सुनेने नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या फॉर्मांकडे बोट दाखवले. मग म्हणाली, "ह्या त्या कागदार लिवून दी. मुंबयक धाडतंय."

मी लिहून दिले. मग आम्ही उलटे फिरलो. प्रत्येक दारात आता वेगळे विचारले, "माउली येऊन गेली होती का?" एकामागून एक घर "होय" म्हणत गेले. बहुतेक घरांत कुणीतरी एक बाई मान खाली घालून उभी असे. याने साहेबांची शंका सिद्ध झाली असे नाही, गोवर तर कितीतरी मुलांना येऊन जातो. पण माझे पहिले फॉर्म रद्दी होते.

पुण्याला जाताना एक दिवस कऱ्हाडला उतरलो. आई भाकरी थापत होती. तिला तोंडवलीची हकीगत सांगितली आणि विचारले, "दत्तूला गोवर आला होता का गं?"

ती थांबली नाही. "आला होता. तिसऱ्या दिवशी मी कांदा परतला होता. तुझ्या वडिलांना पिठलं हवं होतं."

दत्तूला जाऊन अठरा वर्षे झाली होती. शिंप्याच्या त्या दोन खोल्यांत आम्ही सगळे राहत होतो, आणि मला ठाऊक नव्हते.

"फोडणीने नाही, आई," मी म्हणालो.

तिने भाकरी उलटली. तव्याकडे बघतच म्हणाली, "तिला लिहून दिलंस ना? मलापण दे."