शिशाच्या गोळीवरचा दात

बंदुकीतून सुटून माणसाच्या अंगात शिरलेली शिशाची गोळी पाहून, ती आधी कोणाच्या हातातली होती हे सांगता येते का? हा प्रश्न सोडवायला मी बसलो आणि उत्तराऐवजी एक माणूसच पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहितो.

लखमादादांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांना बोलता येत नव्हते, कारण त्यांचे तोंड शिशाने भरलेले होते. मी तेव्हा बोर्ली पंचतनच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. घनतेच्या पाठासाठी शिसे हवे होते. दिघीजवळच्या कोळीवाड्यात पाग विणणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे मिळेल, असे कोणीतरी सांगितले. पाग म्हणजे हाताने फेकायचे गोल जाळे. ते झटकन बुडावे म्हणून त्याच्या काठाला शिशाचे तुकडे बसवतात. दादा पडवीत मांडीवर पाग पसरून बसले होते. गालातला एक तुकडा जिभेने पुढे आणायचा, दोरीभोवती वळवायचा आणि दातांनी कचकन आवळायचा, असे त्यांचे काम चालले होते. मी नमस्कार केला. त्यांनी बोट वर करून थांबायला सांगितले. तोंडातला साठा संपत येईना, तेव्हा उरलेले तुकडे ओंजळीत काढून म्हणाले, “बोला मास्तर. तोंडान शिसा आसला का मानूस खोटा बोलत न्हाय. बोलतच न्हाय.”

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “माज्याशी भांडान झाला का मुद्दाम भरतो तोंडान!”

शिसे विषारी असते, ते थोडे थोडे शरीरात साठत जाते, पक्कड वापरावी, हे मी त्यांना अनेकदा समजावले. ते शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, “पकडीला चव कलते काय, मास्तर? दाताला कलतं किती आवलायचा ते.” 

त्यांचा वरचा एक पुढचा दात तुटका होता. त्यामुळे त्यांनी आवळलेल्या प्रत्येक तुकड्यावर एक तिरपी खाच आणि तिच्या टोकाशी बारीक उंचवटा उमटत असे. खाडीवर या खुणेला मान होता. कोणाची पाग वाहून गेली आणि दुसऱ्या गावी सापडली, तर लोक काठ चाचपडून म्हणत, “ह्यो लखमादाचा दात.” मग ती पाग मुकाट्याने त्या गावातून परत येत असे.

न चावलेले, नुसते पट्टीचे शिसे मात्र दादा म्हसळ्याकडच्या शेतकऱ्यांना तांदळाच्या बदल्यात देत. तिकडे रानडुकरांपासून भात राखण्यासाठी काहींकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका होत्या. ते लोक ही पट्टी कापून, ठोकून तिच्या गोळ्या करत. दादांना त्याचे काही नव्हते. “तांदूल आपुन खाल्ला, शिसा त्यांनी नेला. पुढचा मना काय?” एवढेच ते म्हणत.

पुढे व्हायचे ते झाले. खाडीकाठच्या एका सुपारीच्या वाडीचा राखणदार गणू याच्या मांडीत भल्या सकाळी गोळी घुसली. त्याने बार ऐकला, माणूस पाहिला नाही. तो वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. संशय दोघांवर होता. एक भिकूभाऊ. दादांकडून पट्टीचे शिसे नेणारे हे परवानाधारक शेतकरी त्याच सकाळी जवळपास डुकरांवर बार काढत होते आणि ते त्यांनी स्वतःच कबूल केले होते. दुसरा हरेश, म्हणजे कोळीवाड्यातलाच, लखमादादांचा जावई. वाडीतून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरून त्याचे आणि गणूचे कडाक्याचे भांडण झाले होते. हरेशच्या घरात बंदूक सापडली नाही, पण त्याने कोणाची तरी गावठी बंदूक नेली होती अशी वदंता होती. पोलिसांनी हरेशला नेले.

वाचकांसाठी येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात. त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात आणि त्यांवरून ती कोणत्या हत्याराची हे बरेचदा ठरवता येते. ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, म्हणून तिच्या गोळीवर असे ओरखडे नसतात. गणूच्या मांडीतून निघालेल्या गोळीबाबत हीच अडचण होती. मात्र तिच्यावर एक खाच होती, तिरपी. ती दादांच्या दाताची असेल, तर गोळी कोळीवाड्यातल्या एखाद्या तयार पागेवरून काढलेली ठरत होती आणि संशय हरेशवर जात होता. तसे नसेल, तर ती पट्टीच्या शिशाची, म्हणजे भिकूभाऊंच्या बाजूची.

ठाण्यात जाताना दादांनी मला सोबत घेतले. गोळी मोहोरबंद करण्यापूर्वी अधिकाऱ्याने ती त्यांच्यासमोर ठेवली.

“काका, सगळी खाडी तुमचा दात ओळखते म्हणतात. हा तुमचाच ना?”

दादांनी ती खिडकीच्या उजेडात बराच वेळ फिरवून पाहिली. “आसल.”

अधिकाऱ्याने पेन उचलले.

“न्हाय पन आसल.”

“एक काय ते सांगा, काका.”

“सायेब, ही दोरीवर आसती त डोले झाकून सांगितला आसता. ही मानसातना आलीय. मधी नली लागली आसल, हाड लागला आसल. माजा दात का गनूचा हाड, मना ठावं न्हाय.”

अधिकाऱ्याला वाटले, म्हातारा जावयाला वाचवतो आहे. कोळीवाड्यात याच्या अगदी उलट वाटले. देवळासमोर गावकी बसली. नारळावर हात ठेवून “हा माझा दात नव्हे” एवढे दादांनी म्हणावे, म्हणजे सगळे गाव ठाण्यावर जाऊन तसेच सांगेल, असे ठरले होते. दादांनी नारळाला हात लावला नाही.

“अरं लखम्या,” एक म्हातारे पंच ओरडले, “जलमभर शिसा चावलास, आता जबान चावतोस?”

“ठावं आसता त बोललो आसतो.”

“जावई हाय तुजा!”

“म्हनूनच त, नाना. दुसऱ्या कोनाचा आसता त मी पन तुमच्यावानी झटदिशी बोललो आसतो.”

त्यांची मुलगी सुनंदा बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. ती रडत नव्हती. “बाबा, एक शबुद. एकच.” दादा मान हलवून म्हणाले, “दोन्ही शबुद माज्या तोंडान हायेत, बाय. खरा कुठला ते कलत न्हाय.” ती वळली आणि चालू लागली. त्यानंतर ती बापाच्या घराची पायरी चढली नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल पुष्कळ दिवसांनी आला. गोळीचा आकार इतका बिघडला आहे, की त्या खाचेवरून निष्कर्ष काढता येत नाही, एवढाच त्याचा आशय होता. हरेश सुटला. भिकूभाऊंवरही काही सिद्ध झाले नाही. गोळी कोणी झाडली हे आजतागायत कोणालाही माहीत नाही. भिकूभाऊ अजून मला पाहिले की हात करतात. तो निर्दोष माणसाचा हात आहे की नाही, हे मला सांगता येत नाही. हरेशविषयीही तेच.

या प्रकरणानंतर दादा पक्कड वापरू लागले. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण विचारले तर म्हणाले, “दात दुखतात.” दात खरोखरच दुखत असतील. की ती खूण पुन्हा कुठे उमटू नये, असे त्यांना वाटत होते? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही पटतात.

शेवटच्या आजारात मी त्यांना सरळ विचारले, “दादा, त्या दिवशी तुम्ही ओळखली होती का?”

ते हसले. “मास्तर, तुमीच सांगा. ओलखली आसती त मी काय बोललो आसतो?”

“खरं.”

“आनि सुनंदा समोर उभी आसती त?”

मी त्यांच्या अंगावरचे पांघरूण सारखे करू लागलो.

“बगा, म्हंजे तुमाला पन ठावं न्हाय,” असे म्हणून त्यांनी कूस बदलली. त्या आठवड्यातच ते गेले. सुनंदा आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि प्रेत उचलल्यावर आत गेली. तिने बापाला क्षमा केली का, हे मी विचारलेले नाही.

मी नंतर एक प्रयोग केला. शिशाच्या काही तुकड्यांवर पकडीने एकसारख्या खाचा पाडल्या, काही कोरे ठेवले, सगळे दगडावर हातोडीने चेपले आणि एकत्र मिसळले. मला मी खाचा पाडलेले तुकडे ओळखता आले नाहीत. कोऱ्यांतल्या एकावर तर हुबेहूब तिरपी खाच दिसत होती. पण माझी नजर दादांची नव्हे आणि हातोडी म्हणजे बंदूक नव्हे. म्हणून माझ्या शब्दावर विसंबू नका. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात हे शिसे मिळते. तोंडात घालू नका, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि एकदा स्वतः करून पाहा.