पालथ्या पातेल्यावरची टोपली

शेजारच्या काकूंनी मला शिकवलं, हे आधी सांगते. नाव लिहिलेलं त्यांना चालायचं नाही.

मी माण तालुक्यातली, सातवीतच शाळा सुटलेली. लग्न होऊन तासगावात आले तेव्हा इथं आपल्याला काय जमणार, या धास्तीनं कुणाशी बोलायचीही नाही. काकूंनी मला रद्दी भिजवायला लावली, मेथ्या घालून लगदा वाटायला लावला आणि तो पालथ्या पातेल्यावर थापून टोपली करायला शिकवलं. काकूंचं बोलणं कमी. टोपली वाळली की त्या बोटाच्या पेरानं ठोकतात, कान लावतात आणि आवाज पटला तरच "हां" म्हणतात.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ माझ्याच टोपलीतून वाटणार, असं त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं. मी घाबरले. लवकर वाळावी म्हणून ओली टोपली पत्र्यावर उन्हात ठेवली, ती तडकली.

"आवं काकू, तुमचीच टोपली घ्या," मी रडवेली होऊन म्हणाले.

"सावलीत बेदाणा वाळवणाऱ्या गावात नांदतीस आन् टोपली उन्हात ठेवतीस व्हय गं?" असं म्हणत त्यांनी आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा काठ फाडला आणि खळ लावून तड्यावर चिकटवला.

संक्रांतीला बायका विचारू लागल्या, "काठ लय झ्याक दिसतोय. टोपली कुणी केली?"

काकूंनी टोपली ठोकली, कान लावला. "हां. आमच्या माणच्या पोरीनं."

या गावात माझी मान तेव्हा पहिल्यांदा ताठ झाली.

एक दिवस माहेरची बाजरी भरून मोठी टोपली काकूंच्या दारात ठेवणार आहे, सावलीत वाळवलेली. त्यांनी खुशाल ठोकून बघावी.