वगळलेल्या चौदा घरांचा अर्ज

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आई चौथी पास. गुडगावच्या कडेच्या एका गावात बाबांनी आणि त्यांच्या पलटणीतल्या तेरा जणांनी शेजारी-शेजारी प्लॉट घेतले, आणि त्या गल्लीतला प्रत्येक सरकारी कागद माझ्याकडे यायला लागला. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे, म्हणून हे सांगते.

गाव महापालिकेत घेणार, अशी नोटीस लागली. सोबत खसऱ्यांची यादी. आपल्याकडचे गट नंबर म्हणा. त्यात आमची गल्ली होती. चौदा घरांची बैठक आमच्या गच्चीवर झाली. सगळे साताऱ्याकडचे. बाबांची वाडी मोठ्या गावाच्या पंचायतीत होती तोवर तिला नळ नव्हता. स्वतंत्र ग्रामपंचायत झाली आणि टाकी उभी राहिली, हे त्यांनी सांगितलं. बाकीच्यांच्याही अशाच गोष्टी निघाल्या. वेगळं झालं की आपलं आपल्याला मिळतं, याबद्दल कुणाला शंकाच आली नाही. मलाही नाही. 'आमची गल्ली हद्दीतून वगळावी' असा अर्ज मी लिहिला. हिंदी अशी झकास सरकारी जमली होती की दोनदा मोठ्याने वाचून दाखवली.

अर्ज मान्य झाला. सुधारित यादीतून आमचे नंबर गेले.

मग सरपंच भेटले. गाव पालिकेत गेलं की पंचायतच संपते, आणि चौदा घरांना वेगळी पंचायत इथे कुणी देत नाही, हे त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. आमचं पाणी पंचायतीच्या ट्यूबवेलचं. पंचायत गेल्यावर ट्यूबवेल पालिकेचा, आणि आम्ही पालिकेबाहेर. शेवटची सुनावणी चार दिवसांवर होती. 'गल्ली परत हद्दीत घ्यावी' असा दुसरा अर्ज मी लगेच देऊन आले.

ते चार दिवस गल्लीत माझ्याशी कुणी सरळ बोललं नाही. शेजारचे सुभेदारकाका तेवढे फाटकातून म्हणाले, "पहिला अर्ज जरा वाईट लिहिला असतास ना पोरी, तर फेटाळला तरी असता."

बाबा म्हणाले, सुनावणीत मी बोलतो, सांगितलं मीच होतं.

सुनावणीच्या हॉलमध्ये अधिकाऱ्याने आमचे दोन्ही अर्ज शेजारी-शेजारी ठेवले.

"पहले बाहर निकालो, अब अंदर लो. यह पहला वाला किसने लिखा?"

बाबा सावधानमध्ये उभे राहिले. त्यांनी तोंड उघडण्याआधी मी म्हणाले, "मैंने, सर. गलत लिखा. हमें लगा अलग पंचायत मिलेगी."

मागे कुणीतरी हसलं. अधिकारी हसला नाही. "पढ़ी-लिखी हो. पूछ तो लेतीं." पहिला अर्ज मागे घेतल्याचं लिहून दे म्हणत त्याने कोरा कागद पुढे सरकवला. तिथेच, सगळ्यांसमोर, मी चार ओळी लिहिल्या. एकही जड शब्द घातला नाही. अक्षर माझं वाटत नव्हतं.

अंतिम यादी लागेपर्यंत गल्लीतल्या बायका रोज हंडे, बादल्या, पातेलीसुद्धा भरून ठेवत होत्या. यादी लागली त्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी घेऊन पालिकेच्या कचेरीत गेले. शेवटच्या पानावर आमचे चौदाही नंबर होते. तरी मी एकेक बोट ठेवून परत मोजले, मग बाबांना फोन केला.

"ट्यूबवेलचं काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

काहीच लिहिलं नव्हतं. तसं त्यांना सांगितलं आणि पाणी विभागाच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभी राहिले.