अक्काचं केस वाळवायचं मशीन आणि दसऱ्याचं गिऱ्हाईक

साठ सालाच्या आगेमागे लग्न होऊन मी बेळगावहून बंगळुरात आले. तोवर केस ही माझ्या दृष्टीनं तेल लावून, वेणी घालून विसरून जायची गोष्ट होती. चिकपेटेतलं आमचं सासर म्हणजे खाली कापडाचं दुकान आणि वर घर. तिथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नणंदेच्या खोलीत डोकावले आणि मला टेबलावर एक निळसर पत्र्याची पेटी दिसली. पेटीला वर मूठ, मागे जाळी, पुढून हत्तीच्या सोंडेसारखी सुरकुतलेली नळी आणि नळीच्या टोकाला गुलाबी प्लास्टिकची फुगीर टोपी.

"हे काय? धुरी द्यायचं यंत्र?" मी विचारलं. बेळगावला आमच्याकडे डासांसाठी धूर करत, त्यामुळे माझी झेप तेवढीच.

"अय्यो, केस वाळवायचं मशीन आहे ते," नणंद म्हणाली. तिला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले.

अक्का तिशी ओलांडलेली. लग्न जमलं नव्हतं, आणि आताशा ते जमवायचा उत्साह घरच्यांपेक्षा तिचाच आधी ओसरला होता. गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवून तिनं चार पैसे जमवले आणि दंडूत, म्हणजे लष्करी छावणीच्या भागात, लिलावाच्या दुकानातून हे मशीन आणलं. कुणी मडम विलायतेला परत जाताना विकून गेली होती. दंडूत बायकांचे केस कापायची, कुरळे करायची पार्लरं होती. तिथे आमच्या पेठेतल्या सुना एकट्या जात नसत आणि दुकट्या गेल्या तर घरी सांगत नसत. अक्काच्या मनात होतं ते एवढंच, की त्या बायकांनी दंडूत कशाला जायचं, हे सगळं आपल्याकडे, माडीवर, चपला काढून आत येऊन का होऊ नये?

मला या प्रश्नाचं भारी कुतूहल वाटलं, आणि कुतूहल दाखवणाऱ्याला अक्का लगेच खुर्चीत बसवायची.

पहिल्या प्रयोगात माझ्या डोक्याला सकाळीच खोबरेल लावलेलं होतं, हे मी सांगायची विसरले. केस ओले करून अक्कानं त्यांच्या बटा दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळांवर गुंडाळल्या, वर गुलाबी टोपी चढवली आणि बटण दाबलं. टोपी फुगली. कानांत मधमाश्यांचं पोळं भरल्यासारखा आवाज सुरू झाला. सासूबाई दारात येऊन काहीतरी विचारत होत्या. त्यांचे ओठ हललेले दिसले की मी नव्या सुनेसारखी मान डोलवून "हो, हो" म्हणत होते. मशीन बंद झाल्यावर कळलं की त्या विचारत होत्या, "आमची ही मुलगी तुला छळत्येय का?"

तोवर घरभर तळणीचा वास सुटला होता. दुकानातून आमचे हे वर आले ते "आज चकल्या?" असं विचारतच. चकल्या नव्हत्या, माझं डोकं होतं. रिळं सोडल्यावर केस सरळच्या सरळ खाली पडले, फक्त आता ते गरम होते.

दुसऱ्यांदा मी शिकेकाईनं न्हाले. पार्लरात केसांना काही चिकट लावतात, असं अक्कानं ऐकलं होतं, म्हणून तिनं साखरेचं पाणी चोपडलं. बटा झकास उठल्या. मी त्याच थाटात दुपारी आडवी झाले आणि मुंग्यांनी मला शोधून काढलं. पुढे मीच बेळगावची अक्कल लढवली. तिकडे आम्ही जवसाची चटणी करतो. जवस पाण्यात उकळले की बुळबुळीत काढा होतो, तो गाळून लावून पाहू, म्हटलं. ते मात्र जमलं. केसांना वळण बसलं, मुंग्या आल्या नाहीत आणि आरशात मला मी दिसण्याऐवजी कुणी बरी बाई दिसली. तिच्याकडे मी बराच वेळ पाहत बसले, इतका की अम्मा, म्हणजे सासूबाई, आतून म्हणाल्या, "भात करपला तरी चालेल, पण डोकं हलवू नकोस हो!"

खरी अडचण सासऱ्यांची होती. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मशीन सुरू झालं की घरातले दिवे मंद होत आणि अण्णांच्या रेडिओत खरखर सुरू होई. नेमक्या बातम्यांच्या वेळी. तरी रेडिओचं ते सोसत. खोलीचं सोसवत नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी असलेली ती लहान खोली त्यांना दसरा-दिवाळीच्या मालासाठी हवी होती. अक्काला ती गिऱ्हाइकांसाठी हवी होती, कारण जिन्यावरून थेट आत येता येई, घरातून फिरावं लागत नसे.

"केस वाळवायला बंगळुरात ऊन नाही का?" अण्णा एकदा जेवताना म्हणाले.

"आषाढात दाखवा मला ऊन, अण्णा," अक्का म्हणाली.

"पंचा आहे की घरात."

"पंच्यानं वळण येतं का केसांना?"

"वळण!" अण्णांनी भातात सार ओतलं. "माणसाला असलं की पुरे."

अण्णा त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नव्हते. बायकांच्या डोक्यांचं काम चालतं तिथे आपण काय जायचं, हा त्यांचा शिष्टाचार. पण वाद वाढायला लागला तसा त्यांनीच तोड काढली. दसऱ्यापर्यंत बाहेरचं एक गिऱ्हाईक येऊन समाधानानं उठून गेलं, तर खोली अक्काची. नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हातगाडीवरून गठ्ठे येतील आणि मशीन पुन्हा लिलावाच्या दुकानात जाईल.

"सरी," म्हणजे ठीक आहे, अक्का म्हणाली आणि ताटावरून उठली.

बाहेरचं गिऱ्हाईक म्हणजे घरच्या सुनेचं डोकं चालणार नव्हतं. अक्कानं नवरात्रभर पोलक्यांची मापं घेता घेता गल्लीतल्या बायकांना गळ घातली. सगळ्या टोपीला हात लावून बघत, "डोकं भाजत नाही ना?" विचारत आणि "बघू हं" म्हणून उतरून जात. शेवटी तयार झाल्या त्या गल्लीच्या टोकाच्या रेशमाच्या दुकानाच्या मालकीणबाई. त्यांना आम्ही वहिनी म्हणत असू. त्या मोटारीनं दंडूतल्या पार्लरात जाणाऱ्या एकमेव. दसऱ्याला पार्लर बंद आणि संध्याकाळी बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला सगळं नात्यागोत्यातलं माणूस भेटणार, म्हणून त्या आमच्या जिन्याची पायरी चढायला राजी झाल्या. वहिनींचं डोकं म्हणजे पेठेतलं सगळ्यात पाहिलं जाणारं डोकं. ते साधलं की उरलेली आपोआप येतील, हे अक्का जाणून होती. ते बिघडलं तर काय, हेही.

आदल्या दिवशी खंडेनवमी. बंगळुरात त्या दिवशी यंत्रांची पूजा आमच्या बेळगावपेक्षाही दणक्यात असते. रिक्षा, छापखाने, पिठाच्या गिरण्या, सगळं झेंडूनं मढतं. आमच्या घरी अण्णा पूजा करत. हॉलमध्ये पाटावर दुकानातली कात्री, गज, तराजू, अक्काचं शिवणाचं मशीन, रेडिओ, अगदी अम्मांची विळीसुद्धा मांडली होती. केस वाळवायच्या मशीनला अण्णा वगळतील असं मला वाटलं होतं. वगळलं नाही. घरात यंत्र आहे म्हणजे त्याची पूजा झालीच पाहिजे, आवडो न आवडो. उलट त्याची पहिलीच पूजा, म्हणून इतरांपेक्षा काकणभर जास्तच गंध, हळद, कुंकू, अक्षता त्याला मिळाल्या. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नसतो, म्हणून ते तसंच पाटावर राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी अम्मांनी फुलं उतरवली. अक्कानं मशीन खोलीत नेलं, फडक्यानं मूठ पुसली, पुढची बाजू पुसली आणि पाठ भिंतीकडे करून ठेवलं. वहिनी आल्या. फिकट मोतिया रेशमी साडी. रिळं गुंडाळली, जवसाचा काढा लावला, गुलाबी टोपी चढवली. अक्कानं देवाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं.

आधी खडखड झाली.

"हे काय वाजतंय?" मी विचारलं.

"जुनं आहे. तापलं की थांबेल," अक्का म्हणाली. आणि खरंच थांबलं. वहिनी डोळे मिटून बसल्या. त्यांना काही ऐकू येत नव्हतंच. आम्हाला इतकं बरं वाटलं की मी कॉफी टाकायला आत गेले.

परत येते तो अक्का भिंतीला टेकून पांढरीफटक उभी. वहिनींच्या टोपीच्या कडेखालून कपाळावर एक लाल ओघळ उतरत होता. दुसरा कानामागून मानेवर.

"रक्त!" मी ओरडले. कॉफीचे पेले कुठे ठेवले, आठवत नाही.

वहिनींनी डोळे उघडले, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि कशासाठी ते न कळताच त्याही किंचाळू लागल्या. अम्मा धावत आल्या. अक्कानं बटण बंद करून टोपी उचलली. आतून लाल धूळ भसकन बाहेर आली. वहिनींचं डोकं, कपाळ, कान, खांदे, सगळं कुंकवानं माखलेलं. ओल्या केसांवर ते चांगलंच धरलं होतं. मध्येच एखादा अक्षतेचा दाणा.

वहिनींनी आरसा मागितला. कुणी देईना, म्हणून त्यांनी तो स्वतःच घेतला. कपाळावरून बोट फिरवून ते उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "मी पार्लर उघडायची वाट बघायला हवी होती."

"आत्ता धुऊन देते, वहिनी, आत्ता," अक्का म्हणाली.

"धुऊन?" अम्मा पुढे झाल्या. "सवाष्णीच्या डोक्यावरचं पूजेचं कुंकू, दसऱ्याच्या दिवशी, धुवायचं? माझ्या घरात?"

"मग मी अशीच जाऊ पानं द्यायला?" वहिनी म्हणाल्या. पण न्हाणीघराकडे त्यांचेही पाय वळेनात. कुंकू धुवायला त्यांनाही धीर होईना. खुर्चीत बसून त्या घामानं आणखी लाल होत गेल्या.

आरडाओरडा ऐकून अण्णा खालून वर आले आणि सवयीनं उंबऱ्याशी थबकले. अक्कानं मशीन फिरवलं. मागच्या जाळीच्या प्रत्येक फटीत कुंकू, हळद, अक्षता, नीट बोटानं दाबून बसवलेल्या.

"अण्णा, इथे तुम्ही घातलंत?"

"मग कुठे घालणार?" अण्णा म्हणाले. "ते त्याचं तोंड."

"ती पाठ आहे, अण्णा. इथून वारा आत ओढला जातो आणि नळीतून बाहेर येतो."

"नळी निघते ती शेपूट. शेपटीला कुणी कुंकू लावतं?"

मला हसू आलं आणि ते मी पदरात दाबलं. कारण अक्का हसत नव्हती. तिचे डोळे भरले होते.

"पूजेत काही चूक नाही," अण्णा म्हणाले. "तोंड कुठे, पाठ कुठे, ते सांगायला हवं होतं मला."

"विचारायला हवं होतं," अक्का म्हणाली. "दसऱ्यापर्यंत एकदा तरी आत येऊन बघायला हवं होतं."

घरात अण्णांशी असं कुणी बोलत नसे. अम्मा माझ्याकडे आणि मी अम्मांकडे पाहत राहिले. अण्णा मागे वळले. दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणाले आणि उतरून गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सणाचं दुकान बंद होतं.

अक्कानं मग पदर खोचला. जाळी कुंच्यानं साफ केली, नळी उघड्या खिडकीबाहेर काढून मशीन चालवलं आणि हवा स्वच्छ येते हे आधी स्वतःच्या पांढऱ्या रुमालावर पाहिलं. वहिनींचे केस न धुता वाळवले. सुकलेलं कुंकू मऊ ब्रशानं, बट बट उचलून, फडक्यात झाडलं. ते फडकं अम्मांनी देवघरात नेलं, म्हणजे धुतल्याचं पाप कुणाला लागलं नाही. रिळं सुटली तेव्हा वळणं अशी काही बसली होती की अक्कानं एक बट ओढून सोडली, तर ती उसळून पुन्हा जागेवर बसली. लाली सगळी गेली नव्हती. उन्हात डोकं हललं की केसांतून तांबूस झाक चमके.

वहिनींनी आरसा पुढून धरला, कडेनं धरला. मला मागे उभं करून दुसरा आरसा धरायला लावला. चेहऱ्यावरून काही कळेना. पोलक्यावरचे डाग त्यांनी पदरानं झाकले, चपला घातल्या आणि जिन्यात अर्ध्यावर थांबून वर पाहिलं.

"पुढच्या खेपेला कुंकू नको हं," त्या म्हणाल्या.

अक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. खाली दुकानाच्या बंद दारामागे, अंधारात बसलेल्या अण्णांना ते ऐकू गेलं की नाही, आम्हाला ठाऊक नव्हतं. समाधानानं उठून जाणं यालाच म्हणायचं का, हे ठरवणारे तेच होते आणि संध्याकाळी पानं देतानाही ते खोलीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. अक्का जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडी दारात आली. गठ्ठे उतरवायला माणसं पुढे झाली. आम्ही दोघी माडीच्या कठड्यावरून पाहत होतो.

"मेले जागा इल्ला," अण्णा त्यांना म्हणाले, वर जागा नाही. गठ्ठे दुकानातच, गादीच्या मागे रचायला सांगितले. त्यामुळे स्वतःला पाय पसरायला जागा उरली नाही, तरीही.

मग ते जिना चढून आले. उंबऱ्याशी थांबले, चपला काढल्या आणि आत आले. मशीनभोवती एक फेरी मारली, नळी दाबून पाहिली, टोपीत डोकावून पाहिलं.

"कुठून ओढतं म्हणालीस?"

अक्कानं जाळी त्यांच्यासमोर केली आणि बटण दाबलं. अण्णांनी तळहात हळूच जवळ नेला, मागे घेतला, पुन्हा नेला.

"ओढतंय की गं," ते म्हणाले.